काकासाहेब गुरुजींचं शिफारसपत्र

सोळा सोमवारांच्या उद्यापनाला मेहूण म्हणून काकासाहेब गुरुजींना सपत्नीक बोलवायचं, असं शुभांगीनं सांगितलं तेव्हा सासूच्या, भागिरथीबाईंच्या, हातातलं सूप तसंच राहिलं.

"त्याला? आपल्या पोरीला वरीसभर वर्गाबाहेर बसवलं त्याला चुरमा वाढायचा? डोकं ठिकानावर हाय ना तुझं?"

"आहे म्हणूनच बोलावते, आत्याबाई," शुभांगी हळूच म्हणाली. तिचा आवाज कधी चढत नसे. भागिरथीबाईंना त्याचीच जास्त धास्ती वाटे.

शुभांगीची लेक पूजा चौथीत होती. एका जागी पाच मिनिटं टिकत नसे, गणित अर्धं टाकून खिडकीशी जाई. मुख्याध्यापक काकासाहेबांनी जूनमध्येच तिला व्हरांड्यात पोत्यावर बसवलं आणि येईल-जाईल त्याला सांगू लागले, "ही मंद. हिची जागा इथंच." नगरच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र पोरीला तासभर तपासून सांगितलं, "मंद कसली? हुशार आहे. हिचं लक्ष टिकत नाही, याला एडीएचडी म्हणतात. अशा मुलांच्या मागे बसून सवयी लावणारं, शिकलेलं माणूस लागतं. आपल्या जिल्ह्यात मला तरी तसं कोणी ठाऊक नाही."

ते माणूस आपणच व्हायचं, हे शुभांगीनं परतीच्या एसटीतच ठरवलं. आणि पुढच्या सोमवारी पिंडीवर बेल वाहताना तिनं पोरीसाठी काहीच मागितलं नाही. 'गुरुजींची मान खाली जाऊ दे,' एवढंच मागितलं.

घरी देव्हाऱ्याखाली दोन माहितीपत्रकं होती. एक तीन महिन्यांच्या पोस्टल कोर्सचं. मनीऑर्डर केली की सोनेरी कडांचं प्रमाणपत्र घरपोच. दुसरं पुण्याच्या एका संस्थेचं. दोन वर्षांची पदविका, महिन्यातून आठ दिवस तिथं राहायचं, परीक्षा वेगळी. गुरुजी मेअखेर निवृत्त होणार होते. त्यांच्या निरोपसमारंभात सगळ्या गावासमोर प्रमाणपत्र धरून उभं राहायचं तर पोस्टलच वेळेत हाती पडणार होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "सोनेरी कडांना भुलू नकोस. त्या कागदाला शाळेतला शिपाईसुद्धा विचारणार नाही."

तरीही तिनं मनीऑर्डरचा फॉर्म भरून ठेवला. कारण पदविकेला एक अट होती: अशा मुलासोबत काम केल्याबद्दल त्याच्या मुख्याध्यापकांचं शिफारसपत्र. त्या माणसाच्या दारात हात पसरायला जायचं? दोन सोमवार तिनं दात ओठ खाऊन काढले. तिसऱ्या सोमवारी तिनं अट पुन्हा नीट वाचली. पत्रात मुलाचं नाव, इयत्ता, शाळेनं त्याच्यासाठी काय केलं आणि अर्जदारानं काय केलं, हे मुख्याध्यापकांनी स्वहस्ते लिहायचं होतं. तिनं मनीऑर्डरचा फॉर्म चुलीत घातला.

उद्यापन चौथीचा निकाल लागल्यावरच्या सोमवारी आलं. गुरुजी आणि त्यांची पत्नी गोजरबाई पाटावर बसले. शुभांगीनं पाय धुतले, गंध लावलं, चुरम्यावर तूप ओतलं. मेहूण तृप्त होऊन उठायला हवं आणि यजमानिणीनं मागितलेलं त्यानं मोडायचं नसतं, हे शुभांगी आणि गुरुजी दोघंही जाणून होते.

"मंद पोरांची मास्तरीण होणार म्हणा की," विडा तोंडात टाकत गुरुजी हसले. "बरंय. घरातच गिऱ्हाईक आहे."

"तुमच्या आशीर्वादानं. शिफारस तेवढी हवी होती."

"त्यात काय. आण कागद. काय लिहू?"

"घडलं तेच लिहा. शाळेनं तिच्यासाठी काय केलं, तेही लिहायचंय."

गुरुजींचं अक्षर मोत्यासारखं. लिहिलेलं मोठ्यानं वाचायची त्यांना सवयच होती. "इतर विद्यार्थ्यांचे नुकसान होऊ नये म्हणून सदर मुलीस वर्षभर वर्गाबाहेर व्हरांड्यात बसविण्यात आले. आईने घरी शिकविल्यामुळे ती साठ टक्के गुणांनी उत्तीर्ण झाली."

"अहो, व्हरांड्याचं कशाला लिहिता?" गोजरबाई पुटपुटल्या.

"शिस्त म्हणतात त्याला. पुण्याच्या लोकांनाही कळू दे."

सही झाली. पिशवीतून शिक्का निघाला. शुभांगीनं वाकून दोघांना नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी संगमनेरला जाऊन तिनं पत्राची झेरॉक्स काढली. मूळ पत्र पुण्याला गेलं. झेरॉक्स नगरला, शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे, सोबत तीन ओळींचा तक्रारअर्ज.

वीस-बावीस दिवसांनी चौकशी आली. निरोपसमारंभ पुढे ढकलला, पेन्शनची फाईल अडकली. एका दुपारी गुरुजी एकटेच दारात उभे राहिले. टोपी हातात होती.

"तुझ्या घरी जेवलो मी, शुभांगी."

"पोटभर जेवलात ना, गुरुजी?"

ते उंबऱ्याशी टेकले. "दोन ओळी लिहून दे. पोरीला दोन-चार दिवसच बाहेर बसवलं म्हणून. तू आई आहेस, शिवाय आता यातलं शिकणार आहेस. तुझं ऐकतील ते."

आत भागिरथीबाईंचं जातं थांबलं होतं. शुभांगीनं पाण्याचा तांब्या आणून गुरुजींपुढे ठेवला.

"माझ्या कागदाला अजून किंमत नाही हो, गुरुजी," ती नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाली. "पदविका हातात यायला दोन वर्षं आहेत. तेव्हा या. जे घडलं ते सगळं लिहून देईन."