देवळातला काळा स्क्रीन

"ओलं फडकं आत लागलं की नाही, तेवढंच सांगा मावशी," लियाव चौथ्यांदा म्हणाला.

"फडकं कोरडं होतं. ओलं तुझं डोकं आहे," त्साय-युन म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

गावराखण्या भूमिआजोबांच्या देवळाच्या ऑफिसातला कॉम्प्युटर चालू होता, पंखा घुमत होता, पण स्क्रीन काळा ठिक्कर. बाहेर नव्या वर्षासाठी आपापल्या घरच्या नावाचे दिवे लावून घ्यायला माणसं उभी होती आणि अकराशे घरांची नावं, जन्मवेळा, पत्ते त्या डब्यात अडकलेले. परवा, वर्षअखेरच्या रिवाजाप्रमाणे, देवांना वर स्वर्गात पोचतं केलं आणि मग झाडलोट झाली. देव घरात असताना त्यांच्या टेबलाला कोण हात लावील? ती झाडलोट नऊ वर्षं त्साय-युनची. ऑफिसही तिनंच पुसलं होतं. सगळ्या वायरी काढून, पुसून, परत लावून.

"दुकानदार म्हणतो, बोर्ड जळला असणार. बघायला यायचा तो नव्या वर्षानंतर." देवळाचा कारभार लियाव बघायचा. बोलताना तो तिच्याकडे बघत नव्हता. "आणि मंडळ म्हणतंय, यापुढे झाडलोटीला बाहेरची माणसं लावू. मी नाही म्हणत हं, मंडळ म्हणतंय."

"मंडळ म्हणजे तू आणि तुझा मेव्हणा."

तो टेबलावरचे कागद सारखे करू लागला.

"आणि गेल्या महिन्यात पोराचं गेम खेळायचं जुनं चित्राचं कार्ड या डब्यात कुणी कोंबलं? बोर्डाला स्वतःचं चित्र असतं रे. चांगल्या नांदत्या घरात सवत आणून बसवलीस."

"दोन स्क्रीन लावायचे होते, मावशी," लियाव पुटपुटला. त्याचं तोंड एवढंसं झालं. कार्डानंच बिघडलं की काय, ही धास्ती सकाळपासून त्यालाही होती, हे तिनं ओळखलं. लोकांना उद्या यायला सांगावं म्हणून तो बाहेर गेला.

एकटी पडल्यावर मात्र त्साय-युनचा ताठा ओसरला. शाळा चौथीतच सुटली तिची. पण नाक्यावरच्या कारखान्यात चोवीस वर्षं हेच बोर्ड तिच्या हाताखालून गेले. लायनीच्या शेवटच्या टेबलावर ती बसायची. वायर बोर्डाच्या पोर्टात घालायची, चित्र उमटलं की काढायची, बोर्ड पुढे ढकलायचा. दिवसाला सहाशे. आणि तिनंच ओल्या फडक्यानं बोर्ड जाळला, असं आता गाव म्हणणार. गाऱ्हाणं घालावं तर देवही वर गेलेले.

तिनं डबा फिरवला. वायर उपसली आणि जुन्या सवयीनं, न बघता, पुन्हा घालायला गेली.

हात थेट वर गेला. माऊसच्या वायरीशेजारी, बोर्डाच्या स्वतःच्या पोर्टाकडे.

ती थांबली. परवाही हात असाच गेला असणार. कारखान्यातल्या तिच्या टेबलावर कार्ड नावाची वस्तू कधी आलीच नव्हती, त्यामुळे हाताला दुसरी जागा ठाऊकच नव्हती. पण कार्ड बसलं की बोर्ड बहुतेक वेळा आपलं चित्र मिटून घेतो, वायर कार्डालाच लावावी लागते, हे तिथल्या इंजिनियरांच्या तोंडून तिनं शंभरदा ऐकलं होतं.

तिनं वाकून पाहिलं. खाली कार्डाच्या पट्टीवर एक पोर्ट रिकामा होता. तिनं वायर त्यात दाबली. स्क्रीन लुकलुकला आणि ओळीखाली ओळ, घरामागून घर, नावं उभी राहिली. तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. ती एकटीच हसली.

"आलं?" लियाव दारातूनच धावत आला. स्क्रीन बघून त्यानं कपाळाला हात लावला. "कार्डच नडत होतं ना? मला वाटलंच होतं. मंडळाला सांगतो, चूक माझी. तुम्हाला उगाच बोललो, मावशी."

तिनं नुसतं 'हं' म्हटलं असतं तरी भागलं असतं. तो तर आपण होऊन मान खाली घालून उभा होता. त्साय-युन घोटभर पाणी प्यायली.

"कार्ड ठणठणीत आहे तुझं," ती म्हणाली. "परवा वायर मी वर लावली. ती खाली लावायची होती."

लियावनं वाकून आधी वरचा, मग खालचा पोर्ट पाहिला. मग हसू दाबत म्हणाला, "चोवीस वर्षं कारखान्यात काढून?"

"चोवीस वर्षं काढली म्हणूनच. हस, दात दाखव. त्या दुकानदारापेक्षा बरी मी."

"मंडळाला काय सांगू?"

"हेच सांग. आणि पुढच्या वर्षीही झाडणार मीच. वायरीला तेवढी चिठ्ठी डकव. तेवढं वाचता येतं मला."

लियाव आता मोकळं हसला. त्यानं कीबोर्ड पुढे ओढला. "बसा. दरवर्षीसारखं तुमच्या घरचं नाव पहिलं घालतो."

"बाहेरचे सकाळपासून उभे आहेत," ती म्हणाली. "त्यांना आधी बोलाव."

ऑफिसच्या दारातून ती बाहेर पडली. 'उद्या या' म्हटलं तरी कुणी हललं नव्हतं; रांग अंगणातल्या उदबत्त्यांच्या मोठ्या घंगाळापर्यंत गेली होती. ओळखीच्या बाया 'या, या' करत जागा देत होत्या. त्साय-युन त्यांच्यापुढून चालत गेली आणि संत्र्यांची पिशवी घेऊन शेवटी उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसाच्या मागे जाऊन उभी राहिली.