पंचांगांचे परस्थान

हनुमंतरावांच्या घरात पंचांगे दोन होती, आणि सगळ्या अडचणींचे मूळ तेच होते. एक मराठी, दुसरे तमिळ. पूर्वज तंजावरच्या राजांच्या पदरी आले तेव्हा आपले सणवार घेऊन आले, आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या कावेरीचे पाणी प्यायल्यावर इथलेही सणवार त्यांना सोडवेनात. सणांच्या दृष्टीने ही व्यवस्था उत्तम होती. दोन्हीकडचे गोडधोड व्हायचे आणि पोरे खूश असायची. पण घराबाहेर पाऊल टाकायचे म्हटले की एका पंचांगाचा चांगला दिवस दुसऱ्याला खपत नसे.

हनुमंतराव मात्र दोघांनाही सारखा मान देत. राज्य खालसा झाले, राजवाड्यातली वडिलांची नोकरी गेली. स्वतः हनुमंतराव कुंभकोणच्या कचेरीत शिरस्तेदार झाले, आता तेही पेन्शनीत निघाले होते. हुकूम चालवायला पंचांगे तेवढी उरली होती, आणि ती ते मनापासून चालवीत.

त्यांचा मुलगा शेषाद्री शाळेत मास्तर होता. त्याला मद्रास शहर तोंडपाठ होते. उतरल्यावर कुठली ट्राम धरायची, दीपस्तंभावर कुठून चढायचे, समुद्राकाठी काचेच्या पेट्यांतले मासे कधी पाहायचे, सगळे तो बसल्या जागी सांगे. प्राण्यांच्या बागेला तिकडचे लोक जिवंत कॉलेज म्हणतात आणि म्युझियमला मेलेले कॉलेज, हे ऐकल्यापासून सहा वर्षांचा सेतू आपल्या शाळेला यांपैकी काय म्हणावे या विचारात पडला होता. धाकटा मणी तीन वर्षांचा. त्याला समुद्र घरी आणायचा होता, आणि त्यासाठी त्याने स्वयंपाकघरातला पितळी तांब्या कधीच पळवून ठेवला होता. फक्त एवढेच, की शेषाद्रीने मद्रास अजून पाहिलेले नव्हते. दर नाताळच्या सुटीत तो बेत करी, वडिलांना विचारी, वडील पंचांगे उघडीत, आणि मद्रास पुढल्या नाताळावर जाई.

या वर्षी मात्र त्याच्या बायकोला, भवानीला, पुढचा नाताळ नको होता.

कारण नागलक्ष्मी. थोरली, नऊ वर्षांची. तिचे लग्न वैशाखात तंजावरच्या एका घरी ठरले होते, आणि ठरवले होते हनुमंतरावांनीच. लग्नानंतर मुलगी मोठी होईपर्यंत माहेरीच राहायची हे खरे, पण मग ती कुठे गेली, काय ल्याली, कोणाशी बोलली, हे सगळे सासरला विचारून. भवानीचेही असेच झाले होते. तिच्या वडिलांनी तिला समुद्र दाखवायचे कबूल केले होते, तेवढ्यात लग्न ठरले आणि समुद्र राहूनच गेला. माहेरचे तंजावर आणि बाळंतपणाच्या नवसांचे तिरुक्करुगावूर, यांपलीकडे तिचे जग गेले नव्हते. पोरीने एकदा तरी, कोणाची सून होण्याआधी, समुद्रात पाय बुडवावेत असे तिला वाटत होते. इतके वाटत होते की पोळ्या लाटताना डोळे भरून यायचे आणि कांद्यावर ढकलावे तर एकादशी असायची.

शेषाद्रीने भीतभीत बुधवारच्या गाडीचा विषय काढला. मैलापुरात त्याचा मित्र राहत होता, त्याने या म्हणून निरोप धाडला होता.

"बुधवारी?" हनुमंतराव म्हणाले. "उत्तरेस शूल आहे बुधवारी. शूल म्हणजे ठाऊक आहे न? त्या दिशेने गेले की पोटात भोसकल्यासारखे. मद्रास कोणीकडे?"

"उत्तरेस, अप्पा," शेषाद्री म्हणाला.

"मंगळवारी तेच. गुरुवारी सेतूस आठवा चंद्र. शुक्रवारी मणीस. पुढे मराठी पंचांग होय म्हणते तर तमिळ नोको म्हणते."

"तर मग पुढल्या वर्षी," शेषाद्री म्हणाला आणि चेहऱ्यावरून हात फिरवून मोकळा झाला. त्याच्या अंगात बंड म्हणून नव्हते. ट्रामचा नकाशा होता.

आता एक गोष्ट हनुमंतराव विसरले होते. त्यांची नजर अधू झाल्यापासून पंचांगातली बारीक अक्षरे त्यांना वाचून दाखवायचे काम सुनेकडे होते. ती वाचायची, ते निकाल द्यायचे. वर्षानुवर्षे वाचून भवानीला दोन्ही पंचांगांचे स्वभाव कळले होते. त्यांची भांडणे कुठे होतात हे तिला माहीत होते, आणि कुठे होत नाहीत हेही. सोमवारी सकाळी, उन्हे कट्ट्यावर येतात त्या सुमारास, दोघांचे थोडा वेळ एकमत होते. एवढ्या वेळात गाडी नव्हती. पण गाडी लागते कोणाला?

परस्थान नावाची एक जुनी तोड आहे. निघायचा दिवस वाईट असेल तर आधीच्या चांगल्या मुहूर्तावर आपली एखादी वस्तू शेजारच्या घरी नेऊन ठेवायची. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघाले. मग प्रत्यक्ष देह दोन दिवसांनी का निघेना, शूल त्याला विचारत नाही. एकच अट असते. निघालेली वस्तू प्रवास झाल्यावाचून घरात परत आणायची नाही, नाहीतर जे टाळायचे तेच ओढवते.

सोमवारी सकाळी हनुमंतराव कावेरीवर स्नानाला गेले. इकडे भवानीने धोतराच्या फडक्यात शेषाद्रीचा कोट, सेतूची टोपी, मणीचा खुळखुळा आणि नागलक्ष्मीचा परकर घातला. गाठ मारता मारता तिचे लक्ष देवघराशेजारच्या कोनाड्याकडे गेले. तिथे दोन्ही पंचांगे एकावर एक निवांत पडली होती. भवानीने इकडेतिकडे पाहिले. कोणी नव्हते. तिने गाठ सोडली, दोन्ही पंचांगे आत घातली, आणि या खेपेस गाठ अशी आवळली की दातांनीच सुटावी.

"नागू, हे गंगाआजीच्या घरी ने. वाटेत कोणासंगे बोलू नोको. तेथेच बैस, नाहीतर मांजर शिवेल गठोड्याला."

गंगाबाई शेजारच्याच घरी राहायची. हनुमंतरावांची ही चुलत बहीण, त्यांच्याहून वडील, आणि त्यांना लहानपणी कडेवर घेतले होते हे चारचौघांत सांगायला कधी न चुकणारी. तिने गाठोडे आपल्या देवघरात ठेवले, नागलक्ष्मीला हाती लाडू दिला आणि काय आहे म्हणून विचारलेसुद्धा नाही. गाठोड्याच्या कोपऱ्यातून पंचांगाचा पुठ्ठा डोकावत होता. तो तिने नीट आत सारला.

हनुमंतराव स्नान करून आले, गंध लावले, कोनाड्यात हात घातला आणि रिकामा बाहेर काढला. पुन्हा घातला. मग घर डोक्यावर घेतले. सेतू पलंगाखाली लपला, शेषाद्रीला एकाएकी वह्या तपासायची आठवण झाली. भवानी पदर डोक्यावर घेऊन दारात उभी राहिली.

"मामंजी, पंचांगे मद्रासेस निघाली," ती म्हणाली.

"काय?"

"परस्थान ठेविले. सर्वांचे. आत्याबाईंकडे आहे."

हनुमंतराव तसेच, अर्धवट पांघरलेल्या उपरण्याने, शेजारी पोचले. मागोमाग भवानी, तिच्यामागे शेषाद्री, मणी तांब्यासकट. गंगाबाई दारातल्या कट्ट्यावर विड्याची पाने पुशीत बसली होती, शेजारी नागलक्ष्मी.

"आक्का, माझी पंचांगे दे."

"परस्थान आहे रे, हनुमंता. घरी परत न्यायाचे नाही. तूच सर्वांस सांगतोस न?"

"अडचण असल्यास नेता येते! चोखट वेळ पाहून."

"तर मग पाहा वेळ," गंगाबाई म्हणाली.

वेळ पाहायची तर पंचांग हवे, आणि पंचांग काढायचे तर वेळ हवी. हनुमंतराव कट्ट्यावर मटकन बसले. गंगाबाईने त्यांच्यापुढे विडा सरकवला. त्यांनी तो चघळला, आणि चघळता चघळता त्यांच्या लक्षात दुसरी गोष्ट आली.

"पंचांगे माझी," ते सावकाश म्हणाले. "म्हणजे मीही निघालो?"

"तुझा जीव त्यातच. तू कसा राहशील?"

मद्रासच्या गाडीत ते आजवर बसले नव्हते. कोणी कधी या म्हटले नव्हते आणि आपणहून जायला पंचांगांनी कधी दिले नव्हते. त्यांचा चेहरा सैल पडू लागला. मणीने ते ओळखले असावे, कारण त्याने तांब्या आजाच्या मांडीवर ठेवला. पण कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाला इतक्या सहज हरणे जमत नाही. त्यांनी डोळे बारीक केले.

"गठोड्यात काय काय आहे गो?"

भवानीने सांगितले. कोट, टोपी, खुळखुळा, परकर, पंचांगे.

"आणि तुझे?"

सगळ्यांचे बांधता बांधता भवानीने स्वतःचे काहीच घातले नव्हते. साधी फणीसुद्धा नाही. वेळ निघून गेली होती, उन्हे कट्ट्यावरून केव्हाच खाली उतरली होती.

"तर मग तुझे परस्थान झाले नाही," हनुमंतराव म्हणाले. आपला निकाल त्यांना फार आवडला होता. "शूल तुजला लागेल. तू घरी राहा. गाईलाही कोणी पाहिजे. आम्ही जाऊन येतो."

नियम भवानीनेच बाहेर काढला होता, आता त्याच्याशी भांडणार कशी? पोरगी तर जाईल, तिने मनाशी म्हटले, पोरीसाठीच होते ना सगळे? पण समुद्र तिलाही पाहायचा होता आणि नागूबरोबर पाहायचा होता, हे तिने आजवर स्वतःलासुद्धा सांगितले नव्हते.

"आजा, आपली वस्तू ठेवायाची न परस्थानी?" नागलक्ष्मी म्हणाली. तिच्या ओठाला लाडू लागलेला होता.

"होय."

"मी अम्माची नव्हे का?"

नागलक्ष्मीने ओठावरचा लाडू जिभेने टिपला.

"मी मुहूर्तावर आले येथे. घरी परत गेले नाही. अम्माची वस्तू मीच."

हनुमंतरावांनी लग्न ठरल्यापासून तिला येताजाता चिडवायचा परिपाठ ठेवला होता, तू आता आमची नव्हेस, तंजावरच्यांची. तेच त्यांच्या ओठांवर आले होते. ते त्यांनी विड्याबरोबर गिळले.

"वैशाखापर्यंत अम्माचीच," ते म्हणाले. मग घसा खाकरून मुलाकडे वळले. "बुधवारची गाडी कोणत्या वेळेस सुटते रे?"

शेषाद्रीला पाठ होते. पण आनंदाच्या भरात तो वेळ विसरला.

भवानीला हसू आवरेना. तिने नागलक्ष्मीचा हात धरला आणि घराकडे ओढले, तोंड धुवायला, वेणी घालायला, काहीतरी करायला. गंगाबाईने तिला थांबवले.

"पोरीस कोठे नेतेस? परस्थान आहे ती. बुधवारपर्यंत घरचा उंबरा ओलांडायाचा नाही."

भवानीने हात सोडला.

त्या संध्याकाळी तिने दशम्या लाटल्या, चिंचेचे सार केले, सेतूला ओरडली, मणीचा तांब्या सामानातून बाहेर काढला. ती जिंकली होती आणि तिला ते माहीतही होते. भिंतीपलीकडून नागूचे हसणे ऐकू येत होते. जेवायच्या वेळी तिने नेहमीसारखी केळीची पाने मांडली आणि वाढायला लागली. नागूच्या पानावर भात वाढून झाल्यावर तिच्या लक्षात आले, आणि ती भाताचे पातेले हातात घेऊन तशीच उभी राहिली. वैशाखानंतर कधीतरी असेच एक पान रोजच उरणार होते.

हनुमंतराव पाटावरून उठले. त्यांनी नागूचे पान भातासकट उचलले, दुसऱ्या हातात आपलेही घेतले.

"तूही ये," ते म्हणाले. "तिच्यासंगे तेथेच जेवू."