खिडकीवरची वाकळ

भीमा ड्रायव्हरने पंचवीसेक वर्षं नांदेड-पुणे रातराणी हाकली. घाट पार केले, धुकं कापलं, पावसात वाहून गेलेल्या रस्त्यांवरूनही एसटी सुखरूप आणली. पण बायकोच्या तोंडून एक ‘येते’ काही त्याला काढता येत नव्हतं.

गाडी तर तयार होत आली होती. निवृत्त झाल्या झाल्या त्याने एका शाळेची जुनी पिवळी बस विकत घेतली, लातूरच्या एका गॅरेजात नेऊन उभी केली आणि तिचं चालतं घर करायला लावलं. बाकं गेली. मागे दोघांपुरता पलंग आला, मधे ओटा आणि शेगडी, कोपऱ्यात एवढंसं न्हाणीघर. त्यात वळायचं झालं तर भीमाला आधी विचार करावा लागे. जायचं कुठे तेही ठरलं होतं. आधी सांची, मग रमतगमत बोधगया. जन्मभर त्याने परक्या माणसांना पुणं दाखवलं, आणि त्याची बायको महामाया त्याच्या गाडीत एकदाही बसली नव्हती. रातराणी रात्री सुटायची आणि घरात लेकरं लहान. आता तिला पुढच्या सीटवर बसवून न्यायचं, याखेरीज त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

आणि ती? ती नाही म्हणत नव्हती. “बगू,” म्हणायची. ज्याने संसार केला आहे त्याला सांगायला नको की बायकोचं ‘बगू’ हे ‘न्हाई’चं थोरलं भावंड असतं.

राहता राहिल्या खिडक्या. शाळेची बस ती, म्हणजे खिडक्याच खिडक्या. “खिडक्यांचं तूच बग,” भीमा तिला म्हणाला. “पडदे म्हन, ते काय ब्लाइंड म्हन, तुज्या मनाला येतील ते.” त्याचा हिशेब सरळ होता. पडदे बाईने निवडले की घर तिचं झालं, आणि घर तिचं झालं की ती कुठे जाते?

लातूरला गंजगोलाईच्या एका गल्लीत उमाशंकरचं पडद्यांचं दुकान होतं. कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि जिभेवर खडीसाखर. ट्रॅव्हल्सच्या गाड्यांचे पडदे तोच करायचा.

“या मामा, या मावशी. आदी च्या घ्या, मग पडदे.”

चहा झाला आणि उमाशंकरने दुकान खाली काढलं. ओढलं की खाली आणि सोडलं की वर जाणारे रोलर. आडव्या पट्ट्यांचे. मग एकाआड एक जाळीचा पट्टा असलेला, त्याला म्हणे झेब्रा म्हणतात. महामायाने सगळ्यांना हात लावला. आडव्या पट्ट्या तिने जरा हलवून पाहिल्या.

“गाडी खड्ड्यात गेली की ह्ये वाजंल का, लेकरा?”

“वाजंल की मावशी, लई वाजंल,” उमाशंकर खरं बोलला. “म्हणून ट्रॅव्हल्सवाले काय करतेत, खिडकीच्या वर एक तार आन खाली एक तार. पडदा दोन्हींत ओवायचा. मग गाडी कितीबी नाचू द्या, पडदा हालत न्हाई.”

महामायाने ते नीट ऐकून घेतलं. तेवढ्यात भीमाची नजर एका जाड, करड्या कापडावर गेली.

“ह्ये ब्लॅकआउट,” उमाशंकर म्हणाला. “एकदा ओढलं की भर दुपारी आवस.”

“ह्येच!” भीमा जवळजवळ ओरडलाच. “सगळ्या खिडक्यांला ह्येच लावून टाका.”

महामायाने कापड अंगठ्याने चोळलं, नाकाला लावलं. “मागून रबर हाय. वास येतो.”

“आगं, वास जाईल दोन दिसांत!”

“बगू,” ती म्हणाली. आणि पडदे राहिले बाजूला, तिने फक्त स्प्रिंगच्या तारा आणि पिशवीभर कड्या बांधून घेतल्या. भीमाने कपाळाला हात लावला. मग गॅरेजात जाऊन तिने सुतळीने एकेक खिडकी मोजली, गाठी मारून ठेवल्या. भीमा लांबून बघत होता. मोजते आहे म्हणजे मन लागतंय, असं म्हणून त्याने स्वतःची समजूत घातली.

रविवारी नांदेडच्या घरी लेक आली. बुद्धप्रिया नांदेडातच दिलेली, बँकेत नोकरीला. आई मागे भांडी घासत होती तेव्हा भीमाने तिच्याजवळ रडगाणं सुरू केलं. “इतकं भारी ब्लॅकआउट दावलं, तर तिला वास येतो म्हने.”

बुद्धप्रिया आधी हसली. मग हसायची थांबली.

“पप्पा, ब्लॅकआउट? आईचा अर्धा जन्म ब्लॅकआउटमध्येच गेला की.”

भीमाला माहीत नव्हतं असं थोडंच होतं. एक दिवसाआड सकाळी तो पुण्याहून यायचा, न्याहारी करून आडवा व्हायचा, आणि त्याआधी महामाया दोन्ही खिडक्यांवर जुन्या कपड्यांच्या जाड वाकळा लावायची. एकदा खिडक्या झाकल्या की घरात हात दिसत नसे. मग ती आपलं शिलाई मशीन बाहेर पत्र्याखाली ओढायची आणि लोकांचे ब्लाउज शिवत बसायची. लेकरं लिंबाखाली अभ्यास करायची. बोहारीण आली, भंगारवाला आला, की तिचा दबका आवाज यायचा, “हळू बाबा, आत ड्रायव्हर झोपलेत.” तेवढं ऐकलं की भीमाला झोप लागायची. त्या वाक्याशिवाय झोपच येत नसे म्हणा ना. पण ते म्हणणारी बाई वैशाखात तापलेल्या पत्र्याखाली बसली आहे, हे इतक्या वर्षांत एकदाही त्याच्या मनात आलं नव्हतं.

“ती अंधारात चाचपडत तिखटामिठाचे डबे शोधायची,” बुद्धप्रिया म्हणाली. “आता तरी तिच्या खिडकीत ऊन येऊ द्या.”

भीमाला त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी उठून त्याने उमाशंकरला फोन लावला. “सगळ्या खिडक्यांला पांढरं, पातळ. जाळीचं असलं तरी चालंल. ऊन आत आलं पायजे. आन तुजा मानूस गॅरेजात धाडून बसवून घे. मावशीला कळू देऊ नको.”

“मामा, ह्यात तुमाला झोप येईल का?”

“माझं मी बगतो.”

इकडे महामाया मशीनवर बसली की उठत नव्हती. मशीनही नेहमीसारखं पळत नव्हतं, रेड्यासारखं कण्हत होतं. दोनदा सुई मोडली. भीमा जवळ गेला की ती शिवणावर लुगडं टाकायची. हिच्याकडे लग्नघरचं काम आलं असेल, असं समजून तो पुढे जायचा. मनात त्याच्या पांढरे पडदे. ते बघून ही कशी हरखेल, याचंच चित्र तो रंगवत होता.

गाडी आणायच्या दिवशी ती एक मोठं गाठोडं घेऊन निघाली. “अंथरून हाय,” म्हणाली. भीमाने काही विचारलं नाही. त्याला लातूर कधी येतं असं झालं होतं.

गॅरेजात त्याने दार उघडलं आणि तो बाजूला झाला. बस उजेडाने गच्च भरली होती. निळ्या गादीवर ऊन, ओट्यावर ऊन, नव्या नळावर ऊन. महामाया आत चढली. तिने एका पडद्यामागे हात घातला. हाताची पाचही बोटं स्पष्ट दिसत होती, बांगड्यासुद्धा.

“ह्ये कुनी सांगितलं लावाया?”

“म्या,” भीमा फुशारून म्हणाला.

“ह्यात तुमी झोपनार?”

“आता रात्री झोपू की. चार लोकांवानी.”

“रिटायर हून वरीस होत आलं. एक रात तरी झोपलात का? रातभर घरात फिरता आन दुपारी घोरत पडता.” तिने पडदा सोडून दिला. “आन असं बिनझोपीचं मानूस मला सांचीला नेनार. तुमी जा. मी न्हाई येत.”

या वेळी ‘बगू’ नव्हतं. सरळ ‘न्हाई’ होतं. पडदे बसवणारा पोरगा आणि मिस्त्री दोघांनाही एकदम चहा आठवला आणि ते निघून गेले.

जे मनात होतं ते भीमाने ओकून टाकलं. “आगं, जन्मभर तुला अंधारात कोंडलं मी. आन उन्हात बाहेर बसवलं. प्रिया म्हनली तवा डोळे उघडले माजे. म्हनलं, आता तरी हिला उजेड...” त्याने हातानेच पांढरे पडदे दाखवले.



“कोंडलं? मला कोन कोंडतंय?” महामाया म्हणाली. “प्रियाला काय ठावं हाय. अवो, तवा फोन होता का आपल्याकडं? तुमी संध्याकाळी गेला की मी वाकळा काडायची आन घडी करून उशाला घेऊन पडायची. झोप कुटली! घाटात असाल का, डोळा लागला असंल का, ह्येच. तुमी आला की वाकळ खिडकीला. गल्लीतल्या बाया वाकळ बगून म्हनायच्या, ‘आला गं मायाचा मानूस.’ वाकळ खिडकीला म्हंजी मानूस घरात.” ती पलंगाच्या कडेवर बसली. “आन मानूस झोपला न्हाई, तर रातच्याला त्याच्या मागं ती पन्नास मानसं बसनार, त्यांचं काय? लेकरंबाळं असायची त्यांत. गाडी तुमी हाकत व्हता, पन मी बी हाकत व्हते. घरी बसून.”

भीमा खाली बसला. एसटीने त्याला विनाअपघात सेवेचा बिल्ला दिला होता. तो दिवाणखान्यात काचेत लावला होता, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवला होता. हिला कुणी काय दिलं होतं?

“गाठोडं सोडा,” ती म्हणाली.

त्याने सोडलं. आत त्याच जुन्या वाकळा होत्या, पण आता खिडक्यांच्या मापाने कापलेल्या आणि कडांनी पुन्हा शिवलेल्या. वरून तिची लुगडी, आतल्या बाजूने त्याचे खाकी शर्ट. वर कड्या, खाली कड्या, दोन्ही तारांत ओवायला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा.

“मला सांगायचं तरी!” भीमा म्हणाला.

“तुमी सांगितलं का मला?”

दोघांनी मिळून तारा ताणल्या, वाकळा ओवल्या. भीमा पांढरे पडदे काढायला लागला तर तिने हात धरला. “ऱ्हाऊ द्या. चालत्या गाडीला ते. थांबल्या गाडीला माजे.”

“म्हंजी येतीस?”

“बगू,” ती म्हणाली, आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली.

सांचीच्या आधी माहेर, असं तिने वाटेत जाहीर केलं. तिचं माहेर शिरूर अनंतपाळच्या पलीकडे. भावाला गाडी दाखवायची होती. भीमाने मुकाट्याने स्टिअरिंग वळवलं. ती खिडकीतून सगळं बघत होती. सोयाबीनची रिकामी रानं बघत होती, बोर्ड वाचत होती, आणि समोर ट्रक आला की पाय पुढे दाबत होती, जणू ब्रेक तिच्याच पायाखाली आहे.

दुपार झाली तशी भीमाला जांभया येऊ लागल्या. शिरूर अनंतपाळच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला मोठी चिंच होती. “तितं घ्या गाडी,” महामाया म्हणाली. गाडी थांबली. तिने भराभरा सगळ्या वाकळा ओढल्या. बसमध्ये त्यांच्या जुन्या घरासारखा अंधार झाला. “पडा आता,” म्हणाली, घडीचं स्टूल उचललं आणि खाली उतरून दारापाशी बसली.

भीमा आडवा झाला. डोळ्यांपुढे वाकळीची खाकी बाजू होती. अंधाराला डोळे सरावले तसा त्याला एक खिसा दिसला, बटणासकट, तसाच शिवून टाकलेला. त्याने हात लावून पाहिला. बाहेर स्टूल करकरलं. ती आता तिथे बसून राहणार, तो उठेपर्यंत. झोप पार उडाली.

“माया, वर ये.”

“का? काय झालं?”

“वर तर ये.”

ती आली. “दुपारची कदी झोपलीस का गं तू?” त्याने विचारलं.

“मला न्हाई येत दुपारची झोप.”

“नुसती पड.”

“पाचच मिनटं हां,” ती म्हणाली, आणि त्याच्या जागेवर कलंडली. पदर तोंडावर घ्यायला तिचा हात वर आला तो तिथेच राहिला. तिला झोप लागली होती. तोंड जरासं उघडं, कपाळावरच्या आठ्या गेलेल्या. भीमाने तिला अशी कधी पाहिलीच नव्हती. तो घरी असला की झोपलेला असायचा आणि ती जागी, तो नसला की ती जागीच. त्याला तिची इतकी माया आली की क्षणभर काय करावं ते कळेना. मग त्याने चपला हातात घेतल्या आणि पायऱ्या उतरून, आवाज न करता दार लावलं.

स्टुलावर तो बसतो न बसतो तोच लांबून एक ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत कडबा, आणि टेपवर वरातीतली गाणी, कानाचे पडदे फाडणारी. भीमा ताडकन उठला आणि दोन्ही हात वर करून रस्त्यात उभा राहिला. ट्रॅक्टरवाल्याने घाबरून ब्रेक मारला.

“काय झालं काका? गाडी बंद पडली का?”

“न्हाई न्हाई,” भीमा दबक्या आवाजात म्हणाला. “गाणं जरा बारीक कर. हळू बाबा, आत ड्रायव्हर झोपल्यात.”