बाटलीतली माती

दत्तोबांनी इंदापूरच्या वाचनालयात एकतीस वर्षं पुस्तकं दिली आणि परत घेतली. एवढ्या काळात कुणापुढं उभं राहून चार वाक्यं बोलायची वेळ त्यांनी स्वतःवर येऊ दिली नव्हती. ती आली कोऱ्हाळ्यात, लेकाकडं राहायला आल्यावर, आणि आणली पाच वर्षांच्या नातीनं.

अंगणवाडीच्या रेश्माताई दर गुरुवारी कुणातरी आजी-आजोबांना बोलवायच्या. पोरांना हातानं काहीतरी करायला शिकवायचं, एवढीच अट. मुक्ताबाईंनी मटकीला मोड आणायला शिकवले. किराणा दुकानाच्या अल्लाबक्षनं पपईच्या देठाच्या पिपाण्या करून दिल्या आणि दोन दिवस आख्खी आळी हैराण झाली. मग दत्तोबांच्या नातीनं, वैष्णवीनं, सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "आमच्या आबांना सगळं माहीत हाय."

त्या 'सगळं'नं दत्तोबांना जेवण गोड लागेना. नातीचा शब्द खाली पडायला नको म्हणून तीन पुस्तकं चाळून त्यांनी प्रयोग निवडला. बाटलीत माती आणि पाणी घालायचं, हलवायचं, ठेवून द्यायचं. थोड्या वेळात मातीचे थर बसतात आणि वर नितळ पाणी राहतं. शेजारी चित्रही होतं. घरी एकदा करून बघावं, हे काही त्यांना सुचलं नाही.

गुरुवारी पोरांनी घरून माती आणली. बहुतेकांची उसाच्या रानातली काळीभोर. ऋतिकनं तर पिशवीला दोन गाठी मारून आणली होती. अल्लाबक्षच्या नातीनं, मेहरीननं, दुकानामागं टाकलेला मुरूम आणला, कारण त्यांच्याकडं दुसरं काही नव्हतंच. बाटल्या हलवून झाल्या, ओट्यावर रांगेत लागल्या.

"आता थांबायचं," दत्तोबा म्हणाले.

थांबले. पंधरा-वीस मिनिटांत मेहरीनच्या बाटलीत मुरूम तळाला गेला आणि वरचं पाणी बऱ्यापैकी निवळलं. बाकीच्या बाटल्या होत्या तशाच काळ्या.

नातीला सोडायला आलेला अल्लाबक्ष अजून दारातच बसून होता. "दत्तोबा, साखर घाल," तो म्हणाला. "च्या तयार हाय."

ऋतिकचा ओठ बाहेर आला. "आमची माती लय भारी हाय. पप्पा म्हणत्यात, सगळ्यात जास्त ऊस आमचा."

"मग बसंना का?" मेहरीननं विचारलं.

सगळ्यांनी आबांकडं पाहिलं. वैष्णवी तर हाताची घडी घालून, आता ऐका, अशा थाटात बसली.

दत्तोबांना उत्तर येत नव्हतं. पण पुस्तकांत आयुष्य काढलेल्या माणसाला जड शब्दांची वानवा नसते. 'गुणधर्म' ओठांपर्यंत आलाही. तेवढ्यात नातीचा तो विश्वासानं भरलेला चेहरा दिसला आणि खोटं बोलवेना.

"मला ठाऊक नाही," ते पुटपुटले.

वैष्णवीची हाताची घडी सुटली. रेश्माताईंनी हजेरीपत्रकात डोकं घातलं.

"मोठ्यानं बोल की," अल्लाबक्ष म्हणाला. "मागं ऐकू येईना."

"ठाऊक नाही म्हणलं!" वाचनालयात एवढा आवाज त्यांनी कुणालाच करू दिला नसता. "हात घालून बघू." आणि बाही वर करायचं विसरून त्यांनी उरलेल्या मातीवर पाणी ओतून हात घातला.

पोरांना एवढंच पाहिजे होतं. घडीभरात सगळे कोपरापर्यंत माखले.

"ही टोचती," मुरूम चोळत समर्थ म्हणाला.

सृष्टीनं मुरूम आणि काळी माती बोटांत चोळून पाहिली. "ही रव्यावानी. आन् ही पिठावानी."

"बरं, मग?" दत्तोबांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"मग काय? रवा खाली बसतो. पीठ पाण्यात फिरतच ऱ्हातं." हे कसं कळत नाही या माणसाला, असा तिचा सूर होता.

"म्हंजी आमची लय बारीक?" ऋतिकनं विचारलं.

"सगळ्यात बारीक," दत्तोबा म्हणाले.

"मग मीच जिंकलो."

दोघं घरी निघाली. नेहमी आबांचा हात झुलवत चालणाऱ्या वैष्णवीनं आज तो नुसता धरला होता.

"आबा, खरंच माहीत न्हवतं?"

"खरंच."

"की मुद्दाम न्हाय म्हणलात? आमाला सापडावं म्हणून?"

पळवाट चांगली होती. अब्रूही राहिली असती आणि नातीचा शब्दही. दत्तोबा चार पावलं त्या पळवाटेवर रेंगाळले.

"नाही बाळा. नव्हतंच माहीत."

पुढच्या वेळी रेश्माताईंना काय कारण सांगायचं, ते दत्तोबा मनात जुळवू लागले. गुडघेदुखीचं निमित्त बरं वाटलं.

दारात सुनेनं, सुप्रियानं, चिखलानं भरलेली बाही बघितली आणि हसू दाबत विचारलं, "काय शिकवलं मग आबांनी?"

"त्यांनी कुठं? आमीच त्यांना शिकवलं," वैष्णवी चपला काढता काढता म्हणाली.

"आलं का त्यांना?"

"एक आलं. पण लय ऱ्हायलंय अजून." तिनं आबांकडं एकदा नीट बघून घेतलं. "पुढच्या गुरुवारी परत न्यावं लागंल."