एक आणि दोनच्या मध्ये

माझ्या वडिलांनी आयुष्यभर लोकांना नापास केलं. ड्रायव्हिंग लायसन्सची परीक्षा घेणं हीच त्यांची नोकरी. वळताना हात दाखवला नाही, नापास. चढावर गाडी तसूभर मागे घसरली, नापास. सख्ख्या मेव्हण्याला त्यांनी सोडलं नाही आणि मला तर दोनदा घरी पाठवलं. अशा माणसाच्या हाती साथीच्या काळातले नियम पडले. आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालेलं.

बरं, ते नियम तरी एका जागी ठरावेत! सकाळचा नियम संध्याकाळपर्यंत टिकेल याची खात्री नसायची. बागेत एका आठवड्यात सगळ्यांनी डावीकडून फिरायचं, दुसऱ्या आठवड्यात उजवीकडून. भाजी आणायला जाताना मास्क एक लावायचा की दोन, यावर आमच्या जिन्यात दोन घरांची बोलाचाल बंद झाली होती. सगळं शहर नियमांच्या नावाने बोटं मोडत होतं आणि बाबा ते पाठ करत होते.

मला हसू आलं असतं, पण आई त्या नियमांच्या पलीकडे अडकली होती.

साथ यायच्या थोडं आधी आईच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हॉस्पिटलमधून तिला एका शुश्रूषा केंद्रात हलवलं आणि लगेच भेटी बंद झाल्या. मग कधीतरी फतवा निघाला, भेट फक्त खिडकीतून, काच बंद ठेवून. मी धावत गेले. आई काचेपलीकडे चाकाच्या खुर्चीत होती. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्या मागे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी नर्सचा फोन आला. "ताई, आजी जेवत नाहीयेत. म्हणतात, ते गेलेत, तुम्ही सगळे माझ्यापासून लपवताय."

व्हिडिओ कॉल करून बाबांना दाखवलं. आईने फोन बाजूला सारला. "फोनमध्ये काय, गेलेली माणसंही दिसतात," म्हणाली.

म्हणजे बाबांनी समोर जाऊन उभं राहण्याला पर्याय नव्हता. आणि बाबांचा गुडघा नुकताच बदललेला. थोडं चाललं की बसायला लागायचं. केंद्रापुढचा रस्ता पत्रे ठोकून बंद केलेला. रिक्षा बागेच्या फाटकापर्यंत येई, तिथून पुढे बाग ओलांडून पायी. आणि बागेतल्या झाडून सगळ्या बाकांना लाल-पांढरी पट्टी गुंडाळलेली. फाटकावर बोर्ड होता: चालण्यास व व्यायामास परवानगी. बसण्यास सक्त मनाई.

मी मदत क्रमांकावर फोन लावला. बाबांना चाकाच्या खुर्चीतून नेऊ का, विचारलं.

"चाकं आहेत का तिला?" पलीकडचा म्हणाला.

"चाकाची खुर्ची आहे म्हटल्यावर असणारच ना!"

"मग ती वाहनात येते, मॅडम. बागेत वाहनांना बंदी आहे."

मी फोन आपटला. बाबा शेजारी बसून ऐकत होते. "तांत्रिकदृष्ट्या त्याचं चुकत नाहीये," ते म्हणाले. त्या क्षणी दोघांनाही एका खोलीत कोंडून बाहेरून कडी लावावीशी वाटली मला.

तरी आम्ही एकदा निघालो. अर्ध्या बागेत बाबांचा पाय थरथरायला लागला. मी बाकावरची पट्टी ओढून खाली केली. "बसा."

बाबांनी दिव्याचा खांब धरला. "मनाई आहे."

तेवढ्यात शिट्टी वाजली. बागेचा पहारेकरी उंच, हडकुळा माणूस होता. आम्ही त्याला शिट्टीवाला म्हणायचो. मास्क खाली केलेल्यांना शिट्टी मारायची हे त्याचं काम, आणि शिट्टी मारायला त्यालाच मास्क खाली करावा लागे. त्याने मुकाट्याने पट्टी पुन्हा बांधली. आम्ही परत फिरलो. फाटकापर्यंत मी बाबांना जवळजवळ उचलूनच आणलं.

घरी आल्यावर मी तोंड सोडलं. "आईपेक्षा ती पट्टी मोठी झाली का तुम्हाला? कोण बघत होतं? मिनिटभर टेकला असतात तर आज भेटून आलो असतो!"

बाबांनी काठी कोपऱ्यात उभी केली. मग म्हणाले, "माणसासाठी नियम मोडायचा असता, तर तुला पहिल्याच वेळी पास केलं असतं."

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. राग बाबांचा होता, त्या बोर्डाचा होता, आणि आई तिकडे उपाशी होती.

सकाळी फिजिओथेरपिस्टबाई फोनवर बाबांचा व्यायाम घेत होत्या. "खुर्चीवर बसा काका. उठा. परत बसा." बाबा बसले आणि उठेचनात. मला वाटलं पाय अडला. मी हातातलं टाकून धावले.

"बाई," बाबा फोनला म्हणाले, "मी आत्ता हे जे बसलोय, हा व्यायामच ना?"

"हो काका, अर्धा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. एखाद्याची गाडी बरोबर रेषेवर थांबली की त्यांचा चेहरा असा व्हायचा. "माळ्यावरचं घडीचं स्टूल काढ," ते म्हणाले.

मी म्हटलं, सरळ आत जाऊ आणि बसू. पण छे! आधी परवानगी. बाबांनी शिट्टीवाल्याला बोर्डापाशी बोलावून रीतसर विचारलं.

"काका, बसायला मनाई आहे," तो म्हणाला.

"मी बसणार नाही. उठाबशा काढणार आहे. व्यायामाला परवानगी आहे. आणि बसल्याशिवाय उठायचं कसं?"

शिट्टीवाल्याने बोर्ड पुन्हा वाचला, अगदी खालच्या सहीपर्यंत. मग मास्कवरूनच हनुवटी खाजवली. "कुठे निघालात एवढे?"

मी सांगितलं. आईचं जेवण, फोन, सगळं. सांगताना माझा आवाज चढला होता. तो खाली बघून ऐकत होता.

"किती काढायच्यात?" त्याने बाबांना विचारलं.

"दहा सांगितल्यात."

"मग नीट मोजायला हव्यात."

"मी मोजते," मी म्हटलं.

"तुम्ही घाई कराल, ताई. मी मोजतो."

चालत चालत आम्ही त्या दिव्याच्या खांबापाशी आलो. मी स्टूल उघडलं. बाबा टेकले.

"एक," शिट्टीवाला म्हणाला आणि चालायला लागला. कारंज्याला वळसा घालून पलीकडे गेला. दोन बायका गप्पा मारत उभ्या होत्या, त्यांच्यावर शिट्टी वाजवली. कुठला तरी नळ बंद केला. बाबांचा श्वास हळूहळू खाली आला, पायाची थरथर थांबली. मग तो रमतगमत परत आला. "हं, उठा काका. एक झाली."

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मग उठले.

दुसरी कारंज्यापाशी. त्या वेळी तो कुठे गेला नाही, या पायावरून त्या पायावर होत उभा राहिला.

"तुम्हाला खुर्ची नाही का हो?" मी विचारलं.

"होती. ऑफिसने उचलून नेली. मी बसलेला दिसलो तर लोक बसतील म्हणे. सकाळपासून उभाच असतो."

तिसरी पलीकडच्या फाटकापाशी झाली आणि आम्ही बागेबाहेर पडलो. खिडकी समोरच होती. नर्सने आईला काचेजवळ आणलं. मी बाबांसाठी स्टूल उघडू लागले, त्यांनी हातानेच नको म्हटलं.

आई बघत होती. चेहरा, मग काठी, मग पाय. तिचा विश्वास बसत नव्हता. बाबांनी काठी माझ्याकडे दिली आणि दोन्ही हात मोकळे सोडले.

"उभा आहे," ते मोठ्याने म्हणाले. "बघ. नीट बघून घे."

आईचा उजवा हात काचेवर आला. कितीतरी वेळ तो तिथेच होता. मग तिचे ओठ हलले आणि नर्स हसली. तिने मला फोन लावून तो आईच्या तोंडाशी धरला.

"अहो, स्वेटरचं बटण एक घर वर लागलंय," आई म्हणाली. शब्द जड होते, पण सूर तोच, रोजचा. "आणि बसा ना. किती वेळ उभे राहाल?"

बाबांनी बटणं काढून पुन्हा नीट लावली, सगळी. आम्ही निघालो तेव्हा आई नर्सला म्हणत होती, "काय केलंय जेवायला?"

परतीच्या वाटेवर शिट्टीवाला फाटकातच उभा होता. "भेटल्या?"

बाबांनी मान हलवली. ते स्टुलावर टेकले, त्याने "चार" म्हटलं आणि झाडांकडे बघत राहिला. बराच वेळ गेल्यावर बाबा आपणहून उठले.

"जरा ते सॅनिटायझर मार त्याच्यावर," ते मला म्हणाले. मी स्टूल पुसून घेतलं. बाबांनी ते काठीने शिट्टीवाल्याकडे सरकवलं.

"करा सुरू. तुम्हालाही व्यायामाची गरज आहे."

"मी? ड्यूटीवर? नको काका."

"बोर्डावर कुठे लिहिलंय की पहारेकऱ्याने व्यायाम करू नये? मी वाचलाय तो. बसा, मी मोजतो."

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि तो हळूच टेकला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून त्याने डोळे मिटले.

"एक," माझे वडील म्हणाले, आणि काठी टेकत, अगदी सावकाश, कारंज्याकडे चालायला लागले.