तीन वाजून सव्वीस मिनिटं

महेश्वरी कळा सोसणाऱ्या बायकांना सोबत करायची. कंबर चोळायची, श्वास घ्यायला शिकवायची, हात सोडायची नाही. जुळे सोलापुरातल्या एका दवाखान्यात ती उत्कर्षाची उलटी पुसत होती, तेवढ्यात उत्कर्षाचे सासरे गंगाधरराव दार किलकिलं करून कुजबुजले, "बाई, तीन वीसला अमावास्या लागते. त्याआधी हिला मोकळं करा की! नाहीतर डॉक्टरांना पोट कापायला सांगतो."

"सगळं नीट चाललंय, काका. बाहेर बसा."

डॉक्टरांनी कापायला साफ नकार दिला. तरी गंगाधरराव पंचांग घेऊन पुन्हा पुन्हा येतच राहिले. सून कशी आहे, हे एकदाही विचारलं नाही. महेश्वरीला रक्ताची, उलटीची किळस कधी आली नव्हती. या माणसाची मात्र आली.

तीन सव्वीसला मुलगी झाली. गंगाधरराव आत आले ते थेट महेश्वरीकडेच. "नर्सबाईंना जन्मवेळ तीन अठरा सांगा. तुमचा शब्द मानतील त्या. उद्या पोरीचं लग्न अडेल हो!" असं म्हणत त्यांनी तिच्या हातात पेढ्यांचा पुडा कोंबला. त्यांच्या बोटांचा ओला स्पर्श तिला सहन होईना.

"सव्वीसच सांगा," पलंगावरून उत्कर्षाचा थकलेला आवाज आला. "मी घड्याळाकडेच बघत होते."

"तुला काय कळतंय त्यातलं?" सासरे खेकसले.

महेश्वरीने पुडा त्यांच्या पंचांगावर ठेवला आणि दार सताड उघडलं. "व्हा बाहेर, काका. बाळंतिणीला झोपायचंय."