बाराव्या पानावरचं ‘निरंक’

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘दशांश’ म्हणत. वजनं तपासून प्रमाणित करणं हे तिचं काम, आणि चार दशांशस्थळांशिवाय तिनं आकडा लिहिलेला कुणी पाहिला नव्हता. म्हणूनच मागच्या इमारतीतल्या संरक्षण विभागानं तिला मागून घेतलं होतं. तिथे शिरायला सुरक्षा परवाना लागे. त्यासाठी तिनं भरलेला सतरा पानी फॉर्म घेऊन चौकशी अधिकारी समोर बसले होते.

“बाराव्या पानावर थकीत कर्ज विचारलंय. तुम्ही ‘निरंक’ लिहिलंत.”

“हो.”

त्यांनी बँकेचा कागद पुढे सरकवला. कर्ज तिच्या नावावर, तीन वर्षं हप्ता नाही.

“ते भावाचं आहे. त्याला दुकानासाठी मिळत नव्हतं, म्हणून माझ्या नावावर काढलं. घरात सगळे त्याला दादाचं कर्जच म्हणतात.”

“घरात काहीही म्हणोत. सही कुणाची?”

“माझी.”

“बँकेची पत्रं आली असतील.”

“आली. खणात आहेत. फोडली नाहीत.” वजनाचा आकडा सांगावा तसं तिनं सांगितलं.

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. “बाई, कर्ज असलेली माणसं आहेत हो आत. हप्ते बांधून घेतात, आम्हाला सांगतात. लपवलेलं कर्ज म्हणजे आपली शेंडी दुसऱ्याच्या हातात. उद्या कुणी म्हणालं, सगळं फेडतो, फक्त एक कागद दाखव, तर? सोमवारपर्यंत खरा आकडा द्या. पुढचं सांगता येत नाही.”

घरी येऊन तिनं सुरीनं पाकिटं फोडली. एकोणीस निघाली. नव्या मुलांना ती पहिल्याच दिवशी बजावायची: काटा शून्य दाखवत असेल तर आधी बघा, पारडं रिकामं आहे की काटाच बंद आहे.

तिनं दादाला फोन लावला. “मी ते कर्ज फॉर्ममध्ये लिहितेय.”

“अगं चिमे, कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेस? माझं आहे ते. मी फेडणारच आहे.”

“कधी?”

“तू ना, जन्मलीस तीच काट्यावर.” तो हसला. “जेवलीस का?”

“हो,” ती म्हणाली. जेवली नव्हती.

सोमवारी तिनं पैशांपर्यंतचा आकडा लिहून दिला, बँकेशी हप्ता बांधल्याचा कागदही जोडला. तीन आठवड्यांनी प्रयोगशाळेच्या पत्त्यावर उत्तर आलं. परवाना नाकारला होता. नकाराचं कारण कर्ज नव्हतं, पहिल्या फॉर्मवरची चुकीची माहिती होती. दोन वर्षांनी पुन्हा अर्ज करता येईल.

तिनं पत्र घडी करून खणात ठेवायला घेतलं, मग टेबलावरच ठेवलं. शेजारच्या टेबलावरची सहकारी ते वाचून म्हणाली, “वाईट वाटलं असेल ना गं, दशांश?”

तिनं चिमट्यानं वजन उचलून पारड्यात ठेवलं, काचेचं दार लावलं आणि आकडा स्थिरावायची वाट बघत राहिली.

“अजून बघितलं नाही,” ती म्हणाली.